पायाने घेतलेली मींड

गेल्या दिवाळीत पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी चढताना गाडीत नील यंग या रॉक गायकाच्या ‘हार्वेस्ट’ अल्बममधलं पहिलं गाणं लागलं आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या आत्याने विचारलं, “सारंगी कोण वाजवतंय रे?”

म्हटलं, सारंगी नाही गं, गिटार आहे.

“काहीतरीच. गिटार कुठे अशी रडते?”

आत्याचं आयुष्य रेडिओ ऐकण्यात गेलंय, तिचा कान सहसा चुकत नाही. इथेही फारसा चुकला नव्हता. वाजत होती ती पेडल स्टील गिटार आणि वाजवणारा होता बेन कीथ. नावात गिटार असली तरी ही गळ्यात अडकवत नाहीत, छातीशी धरत नाहीत, आणि हिच्या तारा बोटांनी दाबतही नाहीत. साताऱ्यापर्यंत आत्याला समजावत गेलो. थोडं जमलं, बरंचसं राहिलं. ते राहिलेलं इथे लिहितो, आणि ज्या ध्वनिमुद्रणांवर माझा जीव आहे त्यांतलीही काही सांगतो.

समोरून पाहिलं तर हे वाद्य आहे असं वाटतच नाही. शिलाई मशीन वाटतं. चार पायांवर उभी केलेली अरुंद फळी, तिच्यावर दहा तारा, खाली आडव्या दांडीला लावलेली तीन-चार पेडलं, आणि फळीच्या पोटाशी गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या. गारमेंटच्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या कुणालाही विचारा, तिथेही गुडघ्याने ढकलायची अशीच एक पट्टी असते. वादक स्टुलावर बसतो. डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर, दोन्ही गुडघे पट्ट्यांच्या मधे. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत, गोल बार, वजनाला साधारण २०० ग्रॅम. तारांखाली पडदे नसतात, त्यांच्या जागी नुसत्या रंगवलेल्या रेघा असतात. बार रेघेच्या केसभर पुढे-मागे गेला की बेसूर.

बार हे प्रकरण जुनं आहे. हवाई बेटांवरच्या ओआहू इथला जोसेफ केकुकू हा शाळकरी मुलगा १८८९च्या सुमारास गिटारच्या तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून वाजवायला लागला, असं तिथला इतिहास सांगतो. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईचं संगीत लोकांनी ऐकलं आणि अमेरिकाभर त्याचं वेड पसरलं. ते आपल्याकडेही आलं. ताऊ मो हा हवाईचा वादक १९४०च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहत होता. पुढे व्हॅन शिपले, हजारा सिंग यांनी हिंदी गाण्यांच्या धून याच गिटारवर वाजवल्या. रेडिओवर दोन कार्यक्रमांमधली रिकामी मिनिटं भरायला जे ‘वाद्यसंगीत’ लागायचं, त्यात या धून हमखास असायच्या. ब्रिजभूषण काबरांनी तर गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजवले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या सोबतीला तेच आहेत. त्यामुळे तारेवरून सरकत जाणारा स्वर मराठी कानाला नवा नाही. विचित्र वीणा ऐकलेल्याला तर अजिबात नाही.

इथपर्यंत पेडलांचा पत्ता नाही. ती का आली, हे समजलं की अर्धं वाद्य समजलं.

आपल्याला बारची अडचण भासत नाही, कारण आपण एका वेळी एकच स्वर पाहतो. षड्जावरून सरकत गंधारावर गेलो, झाली मींड. पाश्चात्त्य संगीतात मात्र तीन-चार स्वर एकदम वाजतात, त्याला कॉर्ड म्हणतात. बार सरळ असतो, तो सगळ्या तारा एकाच रेघेवर अडवतो. तारा सा-ग-प अशा लावल्या असतील तर बार कुठेही न्या, सा-ग-पच मिळेल, फक्त उंच किंवा खाली. तिघं सैनिक एकाच पावलाने कवायत करतात तसं. बार तिरका धरून थोडं निभावता येतं. काहींनी वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या दोन-दोन, तीन-तीन फळ्या शेजारी बसवल्या आणि गाणं चालू असताना हात या फळीवरून त्या फळीवर उड्या मारू लागले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की बार जागच्या जागी ठेवून पायाने तारेचा ताण बदलला तर?

गिब्सन कंपनीने १९४०च्या आसपास असं पेडलवालं वाद्य बाजारात आणलं. पण सुरुवातीला ही पेडलं वापरली जात ती स्वरलावणी बदलायला. पेडल दाबा, तारा नव्या सुरांत आल्या की मग छेडा. मधला बदल ऐकणाऱ्याला कळू द्यायचा नाही, अशीच रीत होती.

ती रीत मोडली बड आयझॅक्सने. वेब पिअर्स या गायकाचं ‘स्लोली’ हे गाणं १९५४ साली आलं आणि कंट्री संगीताच्या (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण वळणाच्या लोकप्रिय संगीताच्या) यादीत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यात आयझॅक्सने तारा आधी छेडल्या आणि त्या वाजत असतानाच पेडल दाबलं. लपवायची गोष्ट त्याने उघड्यावर आणली. कॉर्डमधले काही स्वर जागेवर थांबले आणि काही त्यांच्यापासून वर सरकले. आज ऐकताना तो तुकडा साधा वाटतो, पण त्या काळच्या स्टीलवादकांची झोप त्याने उडवली. मांडीवर घेऊन वाजवायच्या चांगल्या चाललेल्या गिटारी लोकांनी बाजूला ठेवल्या.

हे नुसतं वाचून कळणार नाही. घरात साधी गिटार असेल तर करून पाहा. मी भाच्याला बसवून केलं. गिटारची तिसरी आणि दुसरी तार मोकळीच एकदम छेडायची. तिसरीला सा मानलं तर दुसरी शुद्ध ग आहे. त्या घुमत असताना दुसऱ्या माणसाने दुसऱ्या तारेची खुंटी हळूच पिळायची, ग चा म होईपर्यंत. जास्त नाही, नाहीतर तार तुटेल. भाच्याने छेडलं, मी पिळलं. सा हलला नाही आणि त्याच्या अंगाला घासत ग वर चढून म झाला. आम्ही दोघंही क्षणभर गप्प. मग खुंटी उलटी पिळून परत ग वर यायला गेलो तर अर्थातच बेसूर झालं. हाताने नेमकं तिथेच परत येता येत नाही. पेडल स्टीलमध्ये ते पाय करतो. पेडलपासून एक सळई फळीच्या पोटात जाते आणि तारेच्या टोकाला असलेला धातूचा छोटा तुकडा फिरवते. तार ठरल्या मापाने ताणली जाते आणि पाय उचलला की मूळ सुरावर परत. त्या फिरणाऱ्या तुकड्यांच्या जुळणीला चेंजर म्हणतात. सगळी कारागिरी त्यात आहे.

कंट्री संगीतात रूढ असलेल्या स्वरलावणीला ई-नाइन्थ म्हणतात. तिच्यातली गंमत सरगमीत सांगतो. मुख्य तारा सा, ग, प. पहिलं पेडल प चा ध करतं. दुसरं ग चा म करतं. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध झालं. सा तसाच राहिला आणि बाकीचे दोघे वर गेले. पेडलं सोडा, दोघे घरी परत. ही चाल तुम्ही शेकडो गाण्यांत ऐकली असेल, नाव माहीत नसेल एवढंच. शिवाय दोन पेडलं एकदमच दाबायला हवीत असंही नाही. आधी एक, मग रेंगाळत दुसरं, किंवा अर्धंच दाबून थांबायचं. तिथे वादकाचा स्वभाव दिसतो.

एक गोष्ट आत्याला फार आवडली. पुष्कळ स्टीलवादक आपला गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरता लावतात, कारण तेव्हाच तो षड्जात विरघळतो. तंबोरा जुळला की आपोआप ऐकू येणारा जो गंधार, तोच हा. “मग बरोबर,” ती म्हणाली, जणू नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या राजधानीतल्या लोकांना पास केलं.

रडण्याचं गुपित मात्र उजव्या पायात आहे. तार छेडली की आवाज आधी मोठा असतो आणि मग विरतो, हा तारेचा धर्म. स्टीलवादक छेडताना आवाजाचं पेडल अर्धंच उघडं ठेवतो आणि तार विरत जाईल तसतसं ते दाबत नेतो. त्यामुळे छेडल्याचा ठोका बोथट होतो आणि स्वर गजासारखा लांबतो. आत्याला सारंगी ऐकू आली ती इथे.

आता ध्वनिमुद्रणं. क्रमवारी लावणार नाही, आणि ज्यांची नावं सुटतील त्यांच्या चाहत्यांनी माफ करावं.

पायाचं काम काचेतून पाहिल्यासारखं ऐकायचं असेल तर बक ओवेन्सचं १९६४चं ‘टुगेदर अगेन’ लावा. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा हा गट, आणि स्टीलवर टॉम ब्रमली. गाण्याच्या मधोमध त्याचा एक छोटा एकल तुकडा आहे. पहिल्यांदा ऐकताना फक्त सगळ्यात वरच्या सुराच्या मागे जा. दुसऱ्यांदा त्याच्या खालचा सूर धरा. वरचा थांबतो तेव्हा खालचा हलतो, खालचा स्थिरावला की वरचा. दोघी बहिणी एकमेकींना बोलू देत बोलतात तसं. गाण्याचे शब्द आनंदाचे आहेत, पुनर्भेटीचे, आणि स्टील मात्र विरहाची वाजते. हा विरोध मुद्दाम साधला की सहज झाला, ठाऊक नसलं तरी चालतं. सगळ्या स्टीलमधला एकच तुकडा निवडायला सांगितला तर मी हा निवडीन.

बडी एमन्सचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर बोलणं म्हणजे सतारीवर लिहून विलायत खाँना वगळणं. इंडियाना राज्यात १९३७ साली जन्मलेला हा माणूस वाजवायचा तर होताच, पण वाद्य घडवायचाही. शॉट जॅक्सनच्या जोडीने त्याने शो-बड ही गिटार काढली, पुढे स्वतःच्या नावाची काढली. ई-नाइन्थमध्ये आज असलेल्या वरच्या दोन तारा त्याने बसवल्या. रे प्राइस या गायकाच्या १९६३च्या ‘नाइट लाइफ’ची सुरुवात ऐका. तिथे तो दुसरी स्वरलावणी वापरतो, सी-सिक्स्थ. ती रडत नाही, ती रात्री उशिरा बारमध्ये बसून जड आवाजात बोलते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जॅझ वादकांसोबत त्याने ‘स्टील गिटार जॅझ’ केला, त्यात सॅक्सोफोनच्या शेजारी स्टील ताठ मानेने उभी आहे. एमन्सचं मला कौतुक फार आहे, प्रेम त्याहून थोडं कमी. त्याला येत नाही असं काहीच नव्हतं, आणि ते कधीकधी ऐकू येतं.

लॉइड ग्रीनचं तसं नाही. चार्ली प्राइड हा कृष्णवर्णीय गायक कंट्रीच्या गोऱ्या जगात वर आला, त्या दिवसांत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे त्याचा प्रत्यक्ष कार्यक्रम मुद्रित झाला आणि १९६९ साली बाजारात आला. त्यात स्टीलवर ग्रीन आहे. आपल्याकडे ख्यालाच्या मागे चांगला पेटीवाला काय करतो ते आठवा. गायकाची ओळ संपते आणि पुढचा श्वास तो घेत असतो, तेवढ्या फटीत पेटी ओळीचं शेपूट उचलते आणि पुढच्या ओळीपाशी नेऊन ठेवते. ग्रीन तेच करतो, फक्त जास्त खोडकरपणे. वर्षभर आधी बर्ड्‌स या रॉक गटाच्या ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’वरही तो वाजला. लांब केसांची पोरं नॅशव्हिलमध्ये येऊन कंट्री वाजवतात याचा तेव्हा दोन्ही बाजूंना राग होता. त्या अल्बमच्या पहिल्या गाण्याचा पहिला आवाज ग्रीनच्या स्टीलचा आहे.

रॉकवाल्यांत स्टीलची साथ त्यानंतर पसरली. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग या गटाच्या १९७०च्या ‘टीच युअर चिल्ड्रन’ या गाण्यात ग्रेटफुल डेड या रॉक गटाचा जेरी गार्सिया वाजवतो. त्याच्या हाती हे वाद्य येऊन फार दिवस झाले नव्हते. त्या बदल्यात क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश यांनी त्याच्या गटाला एकत्र गाण्याचे धडे दिले, अशी गोष्ट सांगतात. उस्तादांना त्यात चुका सापडतील. मला त्यात सायकल नुकतीच जमलेल्या पोराचा आनंद सापडतो. पीट ड्रेक हा नॅशव्हिलचा मुरलेला वादक त्याच वर्षी लंडनला जाऊन बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’वर वाजवून आला. ड्रेकचं स्वतःचं १९६४चं ‘फॉरेव्हर’ ही एक वेगळीच चीज आहे. स्टीलचा आवाज नळीतून तोंडात घ्यायचा आणि ओठ हलवून तिला शब्द बोलायला लावायचे. गंमत म्हणून एकदा ऐकावं. रात्री एकट्याने ऐकू नये.

बेन कीथकडे परत येतो, कारण हा लेख त्याच्यामुळेच झाला. १९७२च्या ‘हार्वेस्ट’मधल्या ‘आउट ऑन द वीकेंड’मध्ये तो जे वाजवतो ते कागदावर उतरवलं तर अर्धं पान भरणार नाही. लांब एक स्वर, मग काहीच नाही. ढोल आपल्या गतीने चाललेला, माउथऑर्गन येऊन गेलेला, आणि पुन्हा तो एक स्वर, जरा वेगळ्या उंचीवर. वाद्यात दहा तारा, चार पेडलं, गुडघ्याच्या पट्ट्या, आणि हा माणूस त्यातलं जवळजवळ काहीच वापरत नाही. बेन कीथ हा काही नवखा नव्हता, दशकभर आधी पॅट्सी क्लाइन या गायिकेच्या ‘आय फॉल टू पीसेस’वरही तोच होता. एवढं येत असताना एवढं कमी वाजवायला छाती लागते.

(आणखी एक. अशा याद्यांमध्ये १९५९चं ‘स्लीप वॉक’ कायम घुसवलेलं असतं. सँटो आणि जॉनी या भावांची ती धून सुंदरच आहे, पण त्या स्टीलला पेडलं नाहीत. नुसत्या बारचं काम आहे. वर सांगितलेलं, एक सूर थांबणं आणि दुसरा सरकणं, तिथे शोधा. सापडणार नाही.)

हे वाद्य कंट्रीच्या बाहेर गेलं तेव्हा काय झालं, ते मला जास्त रोचक वाटतं. नायजेरियात किंग सनी आडेच्या जुजू संगीतात गिटारींचा थवा आणि बोलणारे ढोल असतात. त्यात देमोला अदेपोजू पेडल स्टील वाजवायचा. १९८२च्या ‘जुजू म्युझिक’मध्ये ती लयीच्या दाट गर्दीवरून पाखरासारखी तरंगत जाते. चार वर्षांनी पॉल सायमन या अमेरिकन गायकाच्या ‘ग्रेसलँड’ या गाण्यावरही अदेपोजूच आहे. म्हणजे अमेरिकन दक्षिणेतल्या प्रवासाच्या गाण्यात तिथलंच वाद्य, पण लागोसहून फिरून आलेलं.

खुद्द अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हाउस ऑफ गॉड या चर्चमध्ये १९३०च्या दशकापासून स्टील वाजते, ऑर्गनच्या जागी. विली ईसनसारख्यांनी ती तिथे रुजवली आणि तिला प्रवचनकाराची बोली दिली. ओरडणं, विनवणं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत वर चढवत नेणं. चर्चबाहेरच्या जगाला हे फारसं माहीतच नव्हतं. १९९७ साली ‘सेक्रेड स्टील’ नावाने मुद्रण निघालं तेव्हा पुष्कळांनी प्रथम ऐकलं. त्याच परंपरेतला रॉबर्ट रँडॉल्फ नंतर क्लबांमध्ये शिरला. २००२चा त्याचा ‘लाइव्ह ॲट द वेटलँड्स’ वाजवताना शेजाऱ्यांचा विचार करा. वारीत टाळ-मृदंगाची लय चढत जाते तशी ही चढते, आणि स्टील म्हणजे नाजूक, रडवी बाई ही समजूत पाच मिनिटांत धुऊन निघते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘अपोलो’. इंग्लंडचा संगीतकार ब्रायन ईनो, त्याचा भाऊ रॉजर आणि कॅनडाचा डॅनियल लानवा यांनी चांद्रमोहिमांच्या चित्रणावरच्या एका माहितीपटासाठी केलेलं हे संगीत १९८३ साली आलं. अंतराळवीरांनी सोबत कॅसेट नेल्या होत्या आणि त्यांत कंट्री गाणी होती, हे ईनोला कळलं. म्हणून चंद्राच्या संगीतात कंट्रीचं वाद्य. लानवाची स्टील ‘डीप ब्लू डे’मध्ये ऐका. पायाखाली जमीन नसण्याचा आवाज काढायला पडदे नसलेलं वाद्य, याहून नेमकी निवड मला सुचत नाही. बारचा जडपणा आणि स्वराचं वजन नसणं, दोन्ही एकाच वेळी.

आणि सुझन अल्कॉर्न. ह्यूस्टनच्या आसपास कंट्री बँडमध्ये वाजवून तिने पोट भरलं. मग मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराच्या मृतांच्या पुनरुत्थानावरच्या रचनेने ती झपाटली, आणि २००७च्या आपल्या अल्बमचं नावच तिने ‘अँड आय अवेट द रेझरेक्शन ऑफ द पेडल स्टील गिटार’ ठेवलं. ही एकटीची स्टील आहे, गायक नाही, ताल नाही. २०१५च्या ‘सोलेदाद’मध्ये ती अर्जेंटिनाच्या पिआझोलाचे टँगो वाजवते. ते आधी ऐकावं, जरा ओळखीची वाट आहे. जानेवारी २०२५मध्ये ती गेली. तिचं वाजवणं लगेच आवडेल असं नाही. मला तिसऱ्यांदा आवडलं.

ऐकताना हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर तो थांबलेला सूर हरवून जातो आणि नुसतं सरकणं उरतं. गायकाकडे थोडं दुर्लक्ष करायची सवयही लागते, कारण स्टील बहुधा डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात असते आणि ओळ संपल्यावरच बोलते.

आत्याला मी यातली सहा गाणी काढून मोबाइलवर भरून दिली. आठवड्याने फोन आला. चार्ली प्राइडचा आवाज फार आवडला, कुठला रे तो, म्हणाली. अजून आहेत का त्याची? स्टीलबद्दल मी विचारलं तेव्हा जरा थांबली. “ती आहे की मागे,” म्हणाली, “ती कुठे जातेय.”